चार नंबरचा बेड: सरकारी डायलिसिस केंद्र, चौदा महिन्यांनंतर

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तालुका कळेल, तालुका कळला तर सिस्टर कळतील, आणि उद्या सकाळी सातला मला त्यांच्याच समोर उभं राहायचं आहे. गोव्यातलं एक सरकारी इस्पितळ, त्याच्या पहिल्या मजल्यावरचं डायलिसिस केंद्र, सहा मशिनं, एवढं पुरे. माझी आई तिथे चौदा महिने जाते आहे. त्याआधी चार महिने आम्ही एका खाजगी इस्पितळात जात होतो. त्याचंही नाव नाही. मी पतसंस्थेत कारकून आहे, कागद फेकवत नाहीत, त्यामुळे जे लिहितोय ते फाइल पुढ्यात ठेवून लिहितोय.

ऑक्टोबर २०२४. आईला वीस वर्षांचा मधुमेह, पाय सुजायचे ते सुजायचेच, आम्हाला सवय झाली होती. एका रात्री तिला आडवं पडता येईना. आडवी झाली की धाप. रात्री दोन वाजता जे जवळ होतं तिथे नेलं. रक्तात क्रिएटिनिन ९.२, म्हणजे किडन्या जवळजवळ बंद. पहाटेपर्यंत मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून डायलिसिस सुरूसुद्धा झालं होतं. आईचा जीव त्या रात्री खाजगी इस्पितळाने वाचवला, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे.

सात दिवसांचं बिल १,३८,७४० रुपये. माझ्या खिशात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं. २०१६ साली योजना आली तेव्हाच रांग लावून काढलेलं, घरात चार माणसं म्हणून वर्षाला ४ लाखांचं कवच. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट करून बघितलं, हॉटेलवाल्याने फाटकी नोट बघावी तसं, आणि म्हणाली, "सर, आम्ही पॅनेलवर नाही." म्हणजे योजनेच्या इस्पितळांच्या यादीत नाही. रात्री दोन वाजता पॅनेल कोण बघतो? त्याच महिन्याच्या शेवटी सत्तर वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळणार अशी घोषणा झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आई बाहत्तरची. तेही कार्ड काढलं, आधार घेऊन गेलो आणि झालं. आता ती दोन्ही कार्डं देव्हाऱ्याच्या खणात आहेत, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

बिलाच्या सहा पानांतली साडेतीन पानं 'कन्झ्युमेबल्स' या एका शब्दाखाली. एका दिवसाचे हातमोज्यांचे बावीस जोड. मी पतसंस्थेतला माणूस, व्हाउचर दिसलं की बोट ठेवतो. विचारलं, की बाबा, एका बाईला एका दिवसात बावीस वेळा हात लावला कोणी? काउंटरवरचा मुलगा नम्र होता. "सिस्टीम जनरेटेड आहे सर," म्हणाला. पुढे आमच्याकडे कोणी व्याजाबद्दल भांडायला आलं की मी हेच वाक्य वापरून बघितलं. चालतं.

डिस्चार्जनंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस, एका वेळचे १,९०० रुपये. चार महिन्यांत चौतीस वेळा, म्हणजे ६४,६००. यात रक्त वाढवायचं इंजेक्शन धरलेलं नाही, तपासण्या धरलेल्या नाहीत. सेवा चांगली होती, खोटं कशाला बोलू. गार खोली, प्रत्येक बेडसमोर टीव्ही, मध्ये चहा आणि दोन मारी बिस्किटं, डॉक्टर दर वेळी फेरी मारून जायचे. आईला टीव्ही आवडायचा. पुण्याहून दादा फोनवर म्हणायचा, "पैशाचा विचार करू नको, आईला सरकारीत टाकू नको." त्याने दोनदा दहा-दहा हजार पाठवले. मग त्याची नोकरी बदलली आणि फोनवर पैशाचा विषय निघेनासा झाला. त्याला दोष देत नाही. हा आजार एकदा पैसे देऊन मिटणारा नाही. दुधाच्या रतीबासारखा आहे, एकही दिवस चुकवता येत नाही आणि बिल माणूस असेपर्यंत येतं.

जानेवारीत बायकोने तिच्या बांगड्यांचा विषय काढला, तेव्हा मी सरकारी केंद्रात नाव घालून आलो.

आता खरा रिव्ह्यू.

नाव घातल्यावर पाच आठवडे थांबलो. केंद्र दोन पाळ्यांत चालतं, सकाळी सात आणि दुपारी बारा, आणि सगळ्या जागा भरलेल्या. जागा कधी होईल असं विचारलं तर सिस्टर गप्प बसल्या. मला उशिरा कळलं की इथे जागा दोनच प्रकारे होते: कोणाला किडनी मिळते, किंवा माणूस जातो. पुढे कधी कोणाला हा प्रश्न विचारला नाही. आईचा चार नंबरचा बेड कोणाचा होता तेही विचारलं नाही. दरम्यान रक्ताच्या तपासण्या करून घेतात, कावीळ बी, सी आणि एचआयव्ही, कारण त्या रुग्णांची मशिनं वेगळी ठेवतात. रिपोर्ट आधीच घेऊन गेलात तर आठवडा वाचतो.

पहिल्या दिवशी आईला घेऊन गेलो तर दारातच वजनकाटा. सिस्टरने माझ्याकडे बघितलंही नाही. "माई, वयर चड," म्हणाल्या, आणि काट्यावरचा आकडा वाचून कपाळाला आठ्या. "उदक चड पियेलें न्ही?" पाणी जास्त प्यायलीस ना, असं. आई खाली बघते. डायलिसिसच्या रुग्णाचं एक कोरडं वजन ठरवलेलं असतं, ड्राय वेट म्हणतात. त्याच्यावर जे काही आहे ते अंगात साठलेलं पाणी, तेवढं मशीन काढणार. आईचं अडीच किलो जास्त होतं. खाजगीतही वजन करायचे, पण तिथे कोणी आईला रागावलं नव्हतं. दिवसाचे १,९०० देणाऱ्या गिऱ्हाइकाला कोण रागावणार? इथे सिस्टरनी तिला सरळ झापलं, शेजारच्या बेडवरच्या आजोबांना साक्षीला घेऊन झापलं, आणि घरी येताना आई मला म्हणाली, "बरी आहे गं बाई ती. माझ्या सासूसारखी आहे." हे कौतुक आहे की तक्रार, मी विचारलं नाही. पुढच्या वेळी वजन दीड किलोच जास्त होतं.

खाण्याचंही तसंच. खाजगीतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी इंग्रजी छापील कागद दिला होता: पालक नको, पनीर मोजून, ॲव्होकाडो टाळा. आमच्या घरात ॲव्होकाडो आजवर आलेला नाही. शहाळ्याचं काय, फणसाचं काय, मानकुराद आंब्याचं काय, सुक्या बांगड्याचं काय, यातलं कागदावर काही नव्हतं. आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर; किडनी गेलेल्या माणसाच्या हृदयाचा ठोका त्याने चुकू शकतो. आम्ही ताकद यावी म्हणून तिला आठवड्याला तीन शहाळी पाजत होतो! सरकारी केंद्रातल्या मावशीने (सफाई करतात त्या, सिस्टर नव्हे) आईला शिकवलं की भाजी बारीक चिरून पाण्यात ठेव, ते पाणी ओत, मग दुसऱ्या पाण्यात शिजव, तेही ओत. चव जाते. आई म्हणते, भाजी नाही, भाजीचं मढं खाते मी. पण पोटॅशियम उतरलं. आंब्याच्या दिवसांत अर्धी फोड परवानगीने आणि एक अख्खा आंबा चोरून, हे सगळ्या केंद्राला माहीत आहे.

फिस्टुलाचं ऑपरेशन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, झालं. डाव्या हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यातून मशीनला पुरेल इतकं रक्त वेगाने निघतं. सहा-आठ आठवडे ती पिकायला लागतात, हा त्यांचाच शब्द. पिकली की हातावर बोट ठेवायचं, आतून मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. माझी मुलगी रोज रात्री आजीचं मांजर तपासून मगच झोपते. घुरघुर थांबली तर धावायचं. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी कोणाला घेऊ द्यायचं नाही, त्या हातात बांगडी नाही. आईने पन्नास वर्षांनी डावा हात मोकळा केला.

आणि आता त्या मुलाबद्दल. डायलिसिस टेक्निशियन, पंचविशीचा असेल, आई त्याला 'पुता' म्हणते, कोंकणीत बाळा. माझ्या मते या केंद्राचे पाचपैकी साडेतीन तारे एकट्या त्याचे आहेत. फिस्टुलात दर वेळी दोन जाड सुया जातात, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. रोज त्याच जागी टोचलं तर शीर फुगून पातळ होते, म्हणून जागा थोडी थोडी सरकवावी लागते. हा मुलगा टोचायच्या आधी डोळे मिटून आईच्या हातावरून बोट फिरवतो. शीर कुठे वळते, कुठे खोल जाते, मागच्या सोमवारी कुठे टोचलं होतं, सगळं त्याच्या बोटात आहे. "दुखता?" "मात्शें." (थोडंसं.) एवढंच संभाषण, आणि सुई आत.

सप्टेंबरात त्याची बदली दुपारच्या पाळीवर झाली आणि सकाळी एक नवीन मुलगी आली. एजन्सीकडून आलेली, कंत्राटी, तिचा तिसरा दिवस. सुई शिरेच्या पलीकडे गेली. पंप सुरू झाला तसं रक्त कातडीखाली पसरलं, दोन मिनिटांत आईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत जांभळासारखा काळानिळा. मुलगी रडायला लागली, आई तिलाच समजावत बसली. बर्फ, दाब, त्या दिवशी डायलिसिस नाही, दुसऱ्या दिवशी परत या. दहा दिवस हात उशीवर. मी चिडून कार्यालयात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, खरं सांगतो, नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "पुता कायम नाही हो, तोही कंत्राटीच. दर वेळी मुदत वाढते की नाही, मलाच माहीत नसतं."

तेव्हापासून मला सरकारी-खाजगीची भांडणं वेगळ्याच कानाने ऐकू येतात. केंद्राबाहेरच्या बाकावर ही भांडणं रोज होतात. आतल्या माणसाला चार तास, बाहेरच्याला काय काम? मडगावच्या जिल्हा इस्पितळाला जोडून खाजगी भागीदारीत वैद्यकीय महाविद्यालय काढायची गोष्ट निघाली तेव्हा बाकाचे दोन तुकडे झाले. एकजण म्हणाला, विकायला काढलंय सगळं, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळाच्या वेळी हेच करायला निघाले होते. दुसरा म्हणाला, विकू देत, निदान पंखा तरी फिरेल. जून २०२५ मध्ये गोमेकॉत आरोग्यमंत्र्यांनी एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापलं, डॉक्टर आंदोलनाला उतरले, मंत्र्यांनी माफी मागितली. त्या आठवड्यात तर बाकावर चहाचे कप थंड झाले. अर्धे म्हणाले, बरं झालं, डॉक्टर माजलेत. अर्धे म्हणाले, तो डॉक्टर उद्या सोडून गेला तर मंत्री येणार आहेत का तपासायला? मी दोन्हीकडे मान हलवली. इमारत सरकारची की कंपनीची, हे मला आता दुसऱ्या नंबरचं वाटतं. माझ्या आईच्या हाताची शीर ज्याच्या बोटांना पाठ आहे तो मुलगा पुढच्या वर्षी तिथे असणार का? सरकारी पाटी लावून आतली माणसं एजन्सीची ठेवली, तर भागीदारी झालीच की. फक्त कोणी मोर्चा काढला नाही.

दुसरं भांडण भायल्यांचं, म्हणजे बाहेरच्यांचं. १ जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसं रस्त्यावर उतरली होती, कारण सिंधुदुर्गातल्या त्या पट्ट्याला बांबोळीच जवळचं मोठं इस्पितळ. आमच्या बाकावर दोडामार्गचे एक आजोबा असतात, लेकीकडे राहतात, लेक इथली. एकदा कोणीतरी त्यांच्या देखतच म्हणालं, आमचे बेड भायले भरतात म्हणून आमची नावं यादीत लटकतात. आजोबा मान खाली घालून चपलेचा पट्टा नीट करत बसले. आई नुकतीच सुया काढून, हातावर कापूस दाबून बाहेर आली होती. ती म्हणाली, "माझं माहेर बांद्याचं. मी भायली की भितरली?" बांदा सिंधुदुर्गातलं. बेडचं बोललेल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. मी आईकडे बघितलं. डायलिसिसनंतर तिला बोलायचंही त्राण नसतं, पण माहेर निघालं की येतं. एक खरं, यादी आहे आणि ती लांब आहे. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मूत्रपिंडाचे रुग्ण इतके का, यावर किती वर्षं अभ्यास चालू आहेत. आणि मधुमेह तर आता घराघरात. मशिनं सहाच्या जागी दहा केली तर भायल्यांचा विषय आपोआप विझेल असं मला वाटतं, पण बाकावर मशिनांचा विषय कोणी काढत नाही. त्यात मजा नाही.

तक्रारी आहेत, त्या लिहितो.

पाणी. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. हा आकडा ऐकून मी मनात गुणाकार केला आणि गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं. गेल्या एप्रिलात नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, टँकर उशिरा आला, आणि सगळ्यांना चारच्या जागी तीन तासांवर उतरवलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, बरं, तासभर लवकर सुटले. आईला त्या रात्री परत धाप लागली. गोव्यात चार महिने आभाळ फाटतं आणि एप्रिलात इस्पितळाला टँकर, यावर मी अजून शिवी शोधतोय.

औषधं. रक्त वाढवायचं इंजेक्शन फुकट मिळतं, असतं तेव्हा. चौदा महिन्यांत अकरा वेळा "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी मिळाली. अकरा गुणिले ९४०. बीपीच्या गोळ्या मी जन औषधी दुकानातून आणतो, दहा गोळ्यांची पट्टी चहाच्या किमतीत. हे दुकान आधी माहीत असतं तर खाजगीतले चार महिने मी त्याच औषधाला ब्रँडचे पैसे दिले नसते. तिथल्या फार्मसीत कोणी सांगितलं नाही, आणि ते का सांगतील?

शौचालय: एक. दाराची कडी आतून लागत नाही. आई दाराला पिशवी अडकवते.

वीज. हे जरा सविस्तर सांगायला हवं. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, शेवटच्या आठवड्यात तर धो धो. सोमवार होता, आईचं डायलिसिस सुरू होऊन दीड तास झालेला. मी बाहेर उंडा (पाव) आणि भाजी खात होतो. दिवे गेले, आणि आतून एकदम सगळ्या मशिनांचा टी टी टी असा आवाज सुरू झाला. जनरेटर लागेल म्हणून सगळे छताकडे बघत होते. जनरेटर लागेना. दोन मशिनं बॅटरीवर चालत राहिली, तीन बंद पडली. आईचं त्यातलं. रक्त नळ्यांमध्ये उभं राहिलं की गोठतं, आणि गोठलं तर नळीतलं, गाळणीतलं, साधारण पेलाभर रक्त वाया जातं. जिला रक्त वाढवायची इंजेक्शनं द्यावी लागतात तिचं पेलाभर रक्त! आत माणसं दोन, सिस्टर आणि पुता. त्याने दार उघडून मला बोलावलं, मशिनचं छोटं झाकण उघडलं, आतल्या चक्राला दुमडलेली एक मूठ असते ती बाहेर काढली आणि म्हणाला, "दादा, हें घुंवडाय. सावकास. थांबूं नाका." (हे फिरव. हळू. थांबू नको.) आणि शेजारच्या मशीनकडे पळाला.

मी फिरवत होतो. माझ्या हाताजवळून नळी जात होती, ती कोमट लागत होती. बाहेर पाऊस इतका की आई काय बोलते ते ऐकू येत नव्हतं. मोबाइलच्या उजेडात तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. नंतर कळलं, ती मला हात पुसून घे म्हणत होती, बोटाला भाजी लागली होती. आठेक मिनिटांनी जनरेटर लागला. पलीकडच्या बेडवरचा रिक्षावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "बरी चालवता गाडी."

खाजगीत हे झालं नसतं. तिथे यूपीएस होता, बिलात त्याचाही वाटा असणार. सरकारीत जनरेटरची देखभाल कोणाकडे, हे विचारत मी तीन खिडक्या फिरलो. आरोग्य खात्याने बांधकाम खात्याकडे बोट दाखवलं, बांधकाम खात्याने वीज खात्याकडे. शेवटी जूनमध्ये दुरुस्त झाला. अर्ज माझा एकट्याचा नव्हता, रिक्षावाल्याने त्याच्या पंचाला धरलं होतं. अर्जाने झालं की पंचाने, मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

आता आकडेमोड, कारण लोक मला विचारतात, सगळं फुकट ना? ऑगस्टपासून आईचं आठवड्यातून तीनदा झालं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आजवर एकूण १५९ वेळा. खाजगीच्या १,९०० च्या भावाने हे ३,०२,१०० रुपये झाले असते. माझा पगार किती ते सांगत नाही, पण मी आज हे लिहीत बसलो नसतो, बांगड्यांनंतर परसातल्या माडांचा नंबर लागला असता. उलट बाजूला: रिक्षा जाऊन-येऊन ३५०, म्हणजे ५५,६५०. बाहेरची इंजेक्शनं १०,३४०. दोन्ही मिळून ६५,९९०. खाजगीत चार महिन्यांच्या डायलिसिसला जेवढे गेले, साधारण तेवढ्यात इथे चौदा महिने. आणि माझ्या रजा. पतसंस्थेच्या चेअरमननी उशिरा यायची सवलत दिली आहे म्हणून निभतं. ज्याचा रोजगार दिवसावर आहे त्याला सरकारी डायलिसिस आठवड्याचे तीन रोज खातं, आणि हे कुठल्याच कार्डावर मिळत नाही. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हापासून या विषयावर भाषणं बरीच झाली, पण भाषणातल्या डायलिसिसला रिक्षा लागत नाही.

विम्याबद्दल दोन ओळी, कारण दादा अजून म्हणतो विमा काढ. आईला आता कोण विमा देणार? माझा स्वतःचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, पेपरात वाचून मी खुश. आदल्या वर्षी हप्ता २१,४०० अधिक ३,८५२ कर, एकूण २५,२५२. डिसेंबरात नवीन नोटीस आली: कर शून्य, हप्ता २४,९००. माझे ३५२ रुपये वाचले. त्या पैशांत आईची एक रिक्षा येते, वर दोन रुपये उरतात.

चवथीचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी चवथ बुधवारी आली, आईच्या नेमक्या दिवशी. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, आई बांधते, निदान कुठे काय टांगायचं ते खुर्चीत बसून सांगते. डायलिसिसच्या दिवशी ती दुपारनंतर चिंधीसारखी पडून असते. मी काही विचारायच्या आधीच सिस्टरनी आदल्या आठवड्यात वहीत खाडाखोड केली होती, सगळ्या बुधवारवाल्यांना मंगळवारी घेतलं, रात्री नऊपर्यंत तीन पाळ्या चालवल्या. त्यांच्याही घरी गणपती होता. गुरुवारी आईने डब्यातून नेवऱ्या पाठवल्या. सिस्टरनी डबा घेतला, आणि आईने स्वतः किती खाल्ल्या ते विचारून घेतलं.

मग तारे किती? पाचपैकी चार देतो. अर्धा कडीचा कापला, अर्धा पाण्याचा. पुताची मुदत वाढली नाही तर परत येऊन दोन करीन.

जाणाऱ्यांसाठी: आधार, दोन्ही कार्डं आणि जुने रिपोर्ट यांच्या तीन-तीन झेरॉक्स न्या, खालचं झेरॉक्सचं दुकान नऊशिवाय उघडत नाही. रुग्णाला शाल द्या, रक्त बाहेर फिरून येतं तशी थंडी वाजते, मेमध्येसुद्धा. स्वेटर पुढून उघडणारा आणि सैल बाह्यांचा हवा. सोबतच्या माणसाने बाकाची भिंतीकडची बाजू धरावी, दुसऱ्या बाजूचा पाय हलतो. कँटीनमध्ये मिरची भजी साडेनवानंतर मागा, त्याआधीची कालची असतात.